चिक्कीच्या डब्यातली वर्गणी

लोणावळ्यातल्या माणसाने आयुष्यात काय काय जमवलं हे बघायचं असेल, तर त्याच्या घरातले चिक्कीचे डबे उघडावेत. चिक्की सोडून सगळं सापडेल. चिक्की पर्यटक नेतात, आम्ही डबे राखतो. माझ्याकडे असे पत्र्याचे चार डबे आहेत. एकात सुईदोरा आणि बटणं, दुसऱ्यात बंद पडलेली घड्याळं, तिसऱ्यात लाइटची बिलं. चौथ्याच्या झाकणावर मी १९९९ साली लाल शाईने लिहून ठेवलं, ‘बॅकअप. उघडू नये.’ आमच्या घरात सर्वांत जास्त वेळा उघडला गेलेला डबा तो हाच. ज्यावर ‘उघडू नये’ असं लिहिलंय त्यात काजूचीच चिक्की असणार, असा प्रत्येक पाहुण्याचा समज व्हायचा. आत काळपट रंगाच्या पाच चौकोनी वड्या दिसायच्या. माझ्या एका भाच्याने त्यातली एक चावूनही बघितली. दाताची खूण अजून आहे.

त्या वड्या म्हणजे झिप डिस्क.

हा डबा पुन्हा निघाला २०२४च्या जुलैमध्ये. आमच्या आळीच्या गणपती मंडळाला पंचवीस वर्षं झाली. बाहेर पाऊस असा, की सभेला आलेल्या माणसांपेक्षा व्हरांड्यात छत्र्या जास्त वाटत होत्या. अध्यक्षांनी कल्पना मांडली की पहिल्या वर्षी ज्यांनी वर्गणी दिली, त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कोणीतरी विचारलं, यादी कुठाय? पहिल्या वर्षीच्या पावतीपुस्तकांचा एका पावसाळ्यात लगदा झालेला. पहिल्या वर्षीचा खजिनदार मी. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “काळजी नको. माझ्याकडे बॅकअप आहे.”

टाळ्या पडल्या. एवढ्या महागात पडलेल्या टाळ्या मी दुसऱ्या ऐकल्या नाहीत.

हा बॅकअपचा नाद मला का लागला, ते सांगायला हवं. लोणावळ्यात जून ते सप्टेंबर बुरशी ही घरातलीच एक व्यक्ती असते. चपलांवर, कमरेच्या पट्ट्यांवर, व्हिडिओ कॅसेटवर तिचा वावर. आमच्या लग्नाच्या अल्बमात तिने सासऱ्यांना पांढरी दाढी दिली, आणि खरं सांगायचं तर ती त्यांना शोभते. कपड्यांच्या कपाटात आम्ही चाळीसचा बल्ब पेटता ठेवतो. बाहेरगावचे लोक विचारतात, कपाटात दिवा कशाला? आत कोणी अभ्यास करत नाही, कपडे वाळतात. पुढे कॉम्प्युटर आला आणि फ्लॉप्या आल्या. फ्लॉपीची चकती म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पत्रीवर दिलेला लोहाच्या ऑक्साइडचा लेप, साध्या भाषेत गंजाचाच भाऊबंद. जिथे खिडकीचे गज वर्षाआड रंगवावे लागतात, तिथे मी मंडळाचे हिशेब गंजावर लिहून ठेवत होतो.

बरं, एका फ्लॉपीत मावणार किती? १.४४ मेगाबाइट. आजच्या फोनमधला सत्यनारायणाच्या प्रसादाचा एक फोटोसुद्धा तिच्यात बसायचा नाही. मग एआरजे नावाचा एक प्रोग्रॅम होता, तो मोठ्या फायलीचे तुकडे पाडून एकेका फ्लॉपीवर भरायचा आणि दर वेळी ‘पुढची घाला’ म्हणायचा. वाढपी पंगतीत फिरावा तसा मी ड्राइव्हसमोर बसून तेवीस फ्लॉप्या वाढल्या. सहा महिन्यांनी परत काढायला गेलो, तर सतरावी रुसली. आणि मधलीच एक रुसली की पुढच्या सहा असून नसल्यासारख्या.

घाटातल्या माणसाला बॅकअप समजावून सांगावा लागत नाही. मुंबईहून येणारी गाडी कर्जतला थांबते, लोक वडे घेतात आणि तेवढ्यात गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात. त्यांना बँकर म्हणतात. १८६३ साली बोरघाटाची लाइन सुरू झाली. चढ सदतिसात एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. पुढच्या इंजिनाच्या एकट्याच्या जिवावर तो चढ चढता येत नाही, म्हणून मागून रेटा. उतरताना गाडी सुटलीच तर तिला अडवायला चढावर नेऊन सोडलेले रूळ आहेत, ते वेगळेच. इंग्रजांनी रुळांची एवढी काळजी घेतली, मग मी वर्गणीची का घेऊ नये?

तर त्या सुमारास मेहुणा न्यू जर्सीहून आला आणि माझ्यासाठी झिप ड्राइव्ह घेऊन आला. निळ्या रंगाचा, जाड पुस्तकाएवढा. अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या आयोमेगा कंपनीने तो १९९५ साली बाजारात आणला होता. एका डिस्कमध्ये शंभर मेगाबाइट. मी बोटांवर हिशेब केला, जवळजवळ सत्तर फ्लॉप्या. माझ्या तेवीस फ्लॉप्यांचा सगळा संसार एका वडीच्या एका कोपऱ्यात मावून वर जागा उरणार होती. मेहुणा सांगत होता की याच जातीचा एक जॅझ म्हणून आहे, त्यात एकदम एक गिगाबाइट मावतो. मला ते खरं वाटलं नाही. एवढं ठेवायला आपल्याकडे असतं काय?

आळीत मी झिप घेतल्याची बातमी पसरली. शेजारच्या काकूंनी हिला विचारलं, “अगं, भावजींच्या पँटची झिप अमेरिकेहून आणावी लागते?”

पहिल्याच दिवशी मी त्याचा अडॅप्टर आपल्या भिंतीतल्या प्लगात खुपसला. तो एकशेदहा व्होल्टचा, आपली वीज दोनशेतीसची. टाटांनी आमच्या वळवण, शिरवता धरणांचं पाणी खाली खोपोलीत सोडून १९१५ पासून वीज केली. त्या वीजगावच्या माणसाला व्होल्ट वाचता येऊ नयेत? छोटासा आवाज झाला आणि खोलीत फटाक्यांचा वास दरवळला. अडॅप्टर गेला, ड्राइव्ह वाचला. पुण्याला बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन पाच व्होल्टचा नवा अडॅप्टर आणला. दोष ना ड्राइव्हचा ना मेहुण्याचा, तो प्लगात खुपसणाऱ्या हाताचा.

अमेरिकेत या ड्राइव्हवरून बराच गदारोळ झाला होता. काही ड्राइव्ह टकटक आवाज करू लागायचे, आत डिस्क बिघडायची, आणि ती बिघडलेली डिस्क दुसऱ्याच्या ड्राइव्हमध्ये घातली की कधी कधी तोही टकटकायला लागायचा. गोवराची साथच म्हणा. १९९८ साली लोक कोर्टात गेले. आमचा ड्राइव्ह मात्र कधी टकटकला नाही, हे मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो. त्या काळात आमच्या घरी टकटक व्हायची ती छतातून बादलीत पडणाऱ्या पाण्याची.

कॉम्प्युटरच्या पाठीमागच्या, प्रिंटर लावायच्या पॅरलल पोर्टमधून डिस्क भरायला पंधरा-वीस मिनिटं लागायची. तेवढ्यात मी चहा घेऊन समोर बसायचो आणि तो आतून घर्र करायचा. त्या आवाजासारखा समाधानाचा आवाज नाही. कोणीतरी आपल्या नावाने जप करतंय असं वाटायचं.

एकच प्रत असणं धोक्याचं, दुसरी घराबाहेर ठेवावी, असं कुठेतरी वाचलं. म्हणून एक डिस्क खंडाळ्याला मेहुणीकडे ठेवली. मग लक्षात आलं, पाच किलोमीटरवर पाऊस तोच, बुरशीही तीच. पुण्याला ठेवावी म्हटलं. पुण्यात वर्षाला पडतो त्याच्या पाच-सहा पट पाऊस आमच्याकडे पडतो, आणि कामशेत ओलांडलं की डोक्यावरची छत्री मिटवावी लागते. तर सासरे म्हणाले, “पुण्यात पाणी येत नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं? पानशेतच्या वर्षी कुठे होतात?” पानशेत धरण फुटलं तेव्हा, १९६१च्या जुलैत, ते नारायण पेठेत होते. बुरशीची दाढी नसलेल्या चेहऱ्याने त्यांनी ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. डिस्क परत चिक्कीच्या डब्यात आली.

आता पुन्हा २०२४. डबा मिळाला. डिस्क मिळाली, दाताची खूण नसलेली. ड्राइव्ह माळ्यावर मिळाला. केबल कुठे? “ती जाडी करडी दोरी होय?” ही म्हणाली. पाहुण्यांच्या गादीची वळकटी गेली अठरा वर्षं तिने बांधली होती. पंचवीस पिनांचं टोक दोन्हीकडे लोंबत होतं, एकही पिन वाकडी नाही. आमच्या घरात नीट टिकतात त्या वस्तू हिने भलत्याच कामाला लावलेल्या असतात. अडॅप्टर मात्र गेला. तो दारावरच्या बेलला लावला होता आणि बेलबरोबरच स्वर्गवासी झाला.

आणि मुख्य म्हणजे घरातल्या कुठल्याच कॉम्प्युटरला पॅरलल पोर्ट नव्हता. शेजारचा मुलगा कॉलेजात कॉम्प्युटरच शिकतो, त्याला बोलावलं. त्याने ड्राइव्ह उलटासुलटा करून बघितला.

“आजोबा, हे काय आहे?”

“झिप ड्राइव्ह.”

“म्हणजे झिप फाइल असते तसं?”

“तिचा आजोबा समज.”

“यात किती जीबी मावतात?”

मी विषय बदलला.

बुधवारी सकाळच्या लोकलने पुण्याला निघालो. मळवली गेलं, डावीकडे कार्ल्याचा डोंगर ढगात अर्धा बुडालेला. नेहमी दिसतो, नेहमी मी पेपर वाचत असतो. त्या दिवशी मांडीवर पिशवीत ड्राइव्ह होता म्हणून की काय, वर बघितलं आणि एकदम लक्षात आलं, अरे, तिथे वर्गणीची यादीच आहे की! कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबाखांबावर ब्राह्मी लिपीत कोरून ठेवलंय, हा खांब अमक्याने दिला. धेनुकाकट गावच्या लोकांची नावं बरीच, त्यात यवनही. दरवाजा सिंहदत्त नावाच्या गांधिकाने, म्हणजे अत्तराच्या व्यापाऱ्याने दिला. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने तर हे जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह असल्याचं कोरून ठेवलंय. आमच्या मंडळाचे अध्यक्ष स्वागत कमानीवर असंच काहीतरी लिहितात. दोन हजार वर्षं आमच्या पावसात. छतातल्या लाकडी फासळ्यासुद्धा अजून जागच्या जागी, आणि त्या कपाटात कोणी चाळीसचा बल्ब लावलेला नाही.

पण गंमत पुढेच आहे. मधली शेकडो वर्षं ती यादी समोर असून कोणाला वाचताच येत नव्हती. डिस्क ठणठणीत, ड्राइव्ह हरवला! लोक आले, खांबांना टेकले, एकवीरेला नवस बोलले, परत गेले. ब्राह्मी अक्षरांचा उलगडा केला तो कलकत्त्याच्या टांकसाळीतल्या जेम्स प्रिन्सेपने, १८३७ साली. म्हणजे सिंहदत्ताचा पॅरलल पोर्ट शेवटी कलकत्त्याला सापडला. त्या मानाने माझा पुण्यात सापडायला हरकत नव्हती. कामशेत येईपर्यंत मला बराच धीर आला.

तपकीर गल्लीत मला एक नवी वायर मिळाली, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला पॅरलल. दुकानदार प्रामाणिक होता. “काका, प्रिंटरला चालते. बाकी कशाची खात्री देत नाही.” मी ती घेतली, कारण माणसाला हवं तेवढंच ऐकू येतं. घरी येऊन लावली तर कॉम्प्युटरने माझ्या झिप ड्राइव्हला प्रिंटर समजून कागद घालायला सांगितलं. असली वायर फक्त प्रिंटरची भाषा बोलते, हे मला तेव्हा कळलं. अडॅप्टर मात्र त्याच दिवशी जुन्या बाजारात मिळाला. एक नळ, दोन रिमोट आणि कुणाच्या तरी दाताची कवळी यांच्यामध्ये तो पडला होता. पाच व्होल्टचा. या वेळी मी चष्मा लावून तीन वेळा वाचलं.

मग एक दिवस लग्नपत्रिका छापायला द्यायच्या निमित्ताने बाजारपेठेतल्या छापखान्यात गेलो. कोपऱ्यात पिवळा पडलेला एक कॉम्प्युटर सुरू होता. विंडोज ९८! मी छापखानेवाल्या अण्णांना विचारलं, हा अजून का ठेवलात?

“डाँगलसाठी,” अण्णा म्हणाले. “मराठी फाँट आहेत ना जुने. त्यांना मागे ही ठोकळी लागते, तरच उघडतात. ही पॅरललचीच. नवीन मशीनला भोकच नाही. साचे सगळे यात. ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ यातच आहे.”

लोणावळ्यातली किती लग्नं त्या ठोकळीवर झाली असतील, याचा विचार करून मला भरून आलं.

हल्ली मी ड्राइव्ह पिशवीत बरोबरच घेऊन फिरत होतो, तो काढला. अण्णांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं कोणी बालवर्गातल्या मित्राकडे बघतं. “अहो, हा तर आमच्याकडे होता! तेव्हा पुण्याला पॉझिटिव्ह काढायला झिपवर टाकूनच पाठवायचो काम. फ्लॉपीत मावायचं नाही. नंतर भंगारात दिला. पण त्याचा ड्रायव्हर असेल अजून मशीनमध्ये.” गाडी विकली आणि ड्रायव्हर ठेवला, असं म्हणतात ते हेच.

मग जोडणी झाली. कॉम्प्युटर, त्याच्या पाठीला डाँगल, डाँगलच्या पाठीला झिप ड्राइव्ह, झिपच्या पाठीला प्रिंटर. पुढे एक इंजिन आणि मागे तीन बँकर. मुद्दाम बोलावून घेतलेला शेजारचा मुलगा मोबाइल बाजूला ठेवून बघत होता. त्याने आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी स्क्रूने कॉम्प्युटरला जोडलेलं बघितलं. डिस्क आत सरकवली. हिरवा दिवा लागला. घर्र. तोच जप. मी डोळे मिटले.

फाइल उघडली आणि पडद्यावर डॉलर, कंस, टक्के, उलटे स्वल्पविराम, मध्येच एखादं आडवं एफ. आळीतल्या सगळ्यांनी वर्गणी डॉलरमध्ये दिल्यासारखं दिसत होतं. तेव्हाचे मराठी फाँट असेच. आत सगळी इंग्रजी अक्षरं, वरून मराठीचा मुखवटा. मुखवटा काढला की ‘गणपती’चा ‘गणपती’ राहायचा नाही. हल्ली युनिकोडमुळे एकाचं मराठी दुसऱ्याला वाचता येतं. तेव्हा प्रत्येक फाँटची आपली भाऊबंदकी. अण्णांनी शांतपणे सगळं निवडलं, एक फाँट लावला. काही नाही. दुसरा लावला. काना आणि वेलांट्या आल्या, अक्षरं नाहीत. तिसरा लावला आणि प्रिन्सेपला जे वाटलं असेल ते आम्हाला वाटलं. ‘सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ, वर्ष पहिले.’ खाली त्रेचाळीस नावं. पुढे आकडे. एकवीस, एक्कावन्न, एकशेएक. एकाने रुपयांऐवजी ‘पाच नारळ’ दिलेत. ज्यांना आम्ही चिक्कूस म्हणून ओळखत आलो त्यांच्यापुढे चक्क एकशेएक्कावन्न. आणि ज्यांनी गेल्या महिन्यात रौप्यमहोत्सवाच्या सभेत संस्कारांवर अर्धा तास भाषण दिलं, त्यांच्यापुढे अकरा. मुलगा हसायला लागला. मी म्हणालो, हसू नकोस, अकरा रुपयांनाही तेव्हा किंमत होती. किती, ते नक्की आठवलं नाही.

अण्णांनी सगळ्यांना वडापाव सांगितले आणि आणायला मुलाला पाठवलं. ते स्वतः गिऱ्हाईकाकडे वळले. मी यादी खाली सरकवत राहिलो. शेवटी खजिनदार. माझं नाव. पुढे रक्कम: ‘नंतर’.

मी चष्मा पुसला. ‘नंतर’च. हिशेब करताना बाकीच्यांच्या पावत्या फाडता फाडता आपली राहून गेली असणार, आणि मी प्रामाणिक खजिनदारासारखा खोटा आकडा न लिहिता शब्द लिहून ठेवला असणार. पंचवीस वर्षं. कार्ल्यात इतके खांब आहेत, पण ‘नंतर’ असं कोणी कोरलेलं माझ्या ऐकिवात नाही.

अण्णांची पाठ माझ्याकडे होती. मी हळूच ‘नंतर’ पुसलं. एक्कावन्न टाइप केलं. मग म्हटलं, पंचवीस वर्षांचं व्याज धरून एकशेएक करावं. केलं. ‘सेव्ह’ दाबलं.

झिप ड्राइव्हने घर्र केलं आणि निरोप आला, डिस्कवर लिहिण्यास मनाई आहे.

मला आठवलं. भाच्याने एकदा एका डिस्कवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम भरला होता. त्याचा धसका घेऊन मी बाकीच्या डिस्कना संरक्षण लावलं होतं. झिप डिस्कला फ्लॉपीसारखं सरकवायचं बारकं बटण नसतं. सगळं प्रोग्रॅममधून करायचं, हवं तर पासवर्ड लावून. पासवर्ड मी तेव्हा असा निवडला होता, की तो कोणालाही सापडू नये. ‘कोणालाही’मध्ये मीही होतो. हिचं नाव टाकून बघितलं. मुलीचं. मंडळाचं. ‘एकवीरा’. ‘१२३’. ड्राइव्ह निर्विकार.

“आजोबा, सापडलं का सगळं?” मुलगा वडापाव घेऊन मागेच उभा होता. मी घाईघाईने फाइल बंद करायला गेलो आणि दाबलं भलतंच. यादी पडद्यावर मूळ स्वरूपात, शेवटच्या ओळीसकट. त्याने मोबाइल काढला, पडद्याचा एक फोटो घेतला, अंगठा हलवला. “ग्रुपवर टाकली. अध्यक्ष दोनदा विचारत होते.”

आमच्या मंडळाच्या ग्रुपवर एकशेबारा माणसं आहेत. पंचवीस वर्षं जी यादी एका चिक्कीच्या डब्यात होती, तिचे पापणी लवायच्या आत एकशेबारा बॅकअप झाले. एकालाही केबल लागली नाही, डाँगल लागला नाही, पासवर्ड तर नाहीच नाही.

वडापाव थंड व्हायच्या आत अध्यक्षांचा फोन. मागे बरेच लोक बोलत असल्याचा आवाज येत होता, आणि अकरावाले त्यात नव्हते.

“अप्पा, कमाल केलीत! यादी मिळाली. शाली सांगायच्यात पुण्याला, आजच. तुमची धरू का?”

मी ड्राइव्हकडे बघितलं. हिरवा दिवा अजून सुरू होता.

“नंतर,” मी म्हणालो.